काडी

बितुंगच्या धक्क्यावर पहाटे
आधी टूनाच्या कारखान्याचा वास येतो,
माणसं मागून.
दुकानं तीन. माझ्या हातात एक दिवस
आणि हप्ते न फिटलेला कॅमेरा.

पहिल्या दुकानात स्टेनलीनं यादी पुढे केली,
प्लास्टिकमध्ये घातलेली, लग्नाच्या केटररची असावी तशी :
समुद्रघोडा, बेडूकमासा, सोंगं घेणारा ऑक्टोपस.
"नाही दिसला तर निम्मे पैसे परत."
हसू छान होतं त्याचं.
पण त्याच्या पोरांच्या हातातल्या काड्या
टोकाला झिजलेल्या होत्या.
कशावर घासून, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्याची बोट पांढरीशुभ्र. एका गाइडमागे आठ डोकी.
धुण्याचं पिंप मात्र एकच,
त्यातच बूट, त्यातच मास्क,
आणि कुणाचा तरी कॅमेरा तरंगत होता
कढीतल्या गोळ्यासारखा.

तिसरी नुसती पत्र्याची शेड.
मेइस्के रुमोकोय टाकीचा कॉक किंचित उघडून
आतली हवा हुंगत होती,
दूध नासलंय का बघावं तशी.
काय बघायचंय, हे तिनं विचारलंच नाही.
विचारलं, "एका माशाकडे किती वेळ बघता?"
मी एक आकडा सांगितला.
खोटा.
"पहिल्या बुडीला कॅमेरा इथंच राहील," ती म्हणाली.

मी उठले. इतक्या लांबून आले ती काय पोहायला?
धक्क्याच्या टोकापर्यंत तणतणत गेले,
तिथं एक म्हातारा गळाला लावायला शेपट्या कापत बसला होता,
त्याच्याकडे उगाच बघत उभी राहिले.
आणि ते हुंगणं आठवलं.
परत आले. तिनं वर न बघता
माझ्या मापाच्या फिन्स पुढे सारल्या.

खाली राखेची काळी रेती.
एक बाटली, एकच चप्पल, करवंट्या.
हे बघायला?
मेइस्के तळाकडे बघतच नव्हती,
ती माझ्या पायांकडे बघत होती.
मी वळून पाहिलं : माझ्यामागे धुरळा,
एसटी गेल्यावर कच्च्या रस्त्यावर उठतो तसा.
तिनं तळवा आडवा धरला. थांब.
श्वास सोड. अजून सोड.
पंचेचाळीस मिनिटं मी नुसती थांबायला शिकले.

दुसऱ्या बुडीला कॅमेरा मिळाला.
तिच्याजवळही काडी होती, बारीक.
ती कशालाच टोचत नव्हती. रेतीत लिहीत होती.
एका करवंटीशी आम्ही पालथ्या तरंगत राहिलो,
टाकीतली हवा निम्म्यावर आली,
आणि तिनं काळ्या पाटीवर चार अक्षरं काढली :
MATA.

माता!
मी आई शोधू लागले.
करवंटीच्या आत ऑक्टोपस होती, आठही हात आवळून,
मागे तांदळाच्या दाण्यांएवढ्या अंड्यांच्या माळा.
सापडली की.
मी फ्लॅश सरळ केला, आणि लेन्सपुढे
मेइस्केचा तळवा आला.

वर आल्यावर कळलं,
तिच्या भाषेत माता म्हणजे डोळा.
डोळ्यावर फोकस कर, एवढंच तिला सांगायचं होतं.
अंडी तिलाही नंतर दिसली.
मी आमच्या भाषेतला अर्थ सांगितला.
ती बराच वेळ दोरी गुंडाळत राहिली.
"अकरा वर्षं कारखान्यात टूनाची डोकी कापली," म्हणाली,
"डोळे उघडेच असायचे."
पुढे काही बोलली नाही. माझा कॅमेरा
गोड्या पाण्याच्या वेगळ्या टबात ठेवला,
झोपलेल्या पोराला ठेवतात तसा.

पलीकडून स्टेनलीनं हाक मारली,
"काही दिसलं का? कुठल्या बाजूला?"
पोरं काड्या घेऊन बोटीत चढतच होती.

"छे," मी म्हटलं, "नुसती रेती."

दिवसातलं दुसरं खोटं.
मेइस्के पैसे मोजत होती.
एक नोट तिनं दोनदा मोजली.